रात्रीची लघवी: आधी तीन दिवसांची नोंद, मग औषध

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

प्रौढ आणि वृद्ध माणसांना रात्री झोपेतून पुन्हा पुन्हा लघवीसाठी उठावे लागते. या तक्रारीकडे घरातली माणसे आणि पुष्कळदा स्वतः रुग्णही ज्या नजरेने पाहतात, त्याविषयी हे पत्र लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची असताना एका रात्री तीनच्या सुमारास लघवीला जाताना पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, रुग्णालयाच्या कागदावर ‘घरात पाय घसरून पडल्या’ अशी नोंद झाली. पण त्या रात्री ती चौथ्यांदा का उठली होती, हे कोणीच विचारले नाही. मीही विचारले नाही, याची खंत मला आजही आहे. पुढे काही वर्षांनी माझ्यावरच रात्री चार-चार वेळा उठण्याची पाळी आली, तेव्हा एका डॉक्टरांनी मला कोणतीही गोळी लिहून देण्याआधी एक मापाचे भांडे आणि एक वही घ्यायला सांगितले. त्या वहीतून मला जे कळले ते माझ्या आईच्या वेळी कळले असते तर, या विचाराने मी हे लिहायला बसले आहे.

वैद्यकात या तक्रारीला ‘नॉक्टुरिया’ म्हणतात. मूत्रविकारांच्या परिभाषेचे काम करणाऱ्या इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने २००२ मध्ये तिची व्याख्या केली, ती अशी की लघवीसाठी रात्री एकदा किंवा त्याहून अधिक वेळा जागे व्हावे लागणे. एकदा उठण्याने बहुतेकांचे काही बिघडत नाही. दोन किंवा अधिक खेपा होऊ लागल्या की मात्र झोपेचे आणि दिवसाचे गणित बिघडते. येथे रात्र म्हणजे माणसाची मुख्य झोप, मग ती घड्याळात केव्हाही असो; रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यालाही हीच तक्रार असू शकते. आणखी एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्यावा लागतो. लघवी लागली म्हणून जाग येणे वेगळे, आणि दुसऱ्याच कारणाने जाग आली, आता जागेच आहोत तर जाऊन येऊ म्हणून उठणे वेगळे. दुखणारे गुडघे, पायांची अस्वस्थ वळवळ, चिंता, निद्रानाश यांनी झोप मोडणारा माणूस सकाळी ‘मला लघवीमुळे झोप लागत नाही’ असेच सांगतो, आणि त्याचा उपचार मात्र झोपेचा करावा लागतो.

‘वय झाले की असे व्हायचेच’ हे उत्तर मला सर्वांत अधिक खुपते, कारण ते अर्धेच खरे आहे. निरोगी प्रौढ माणसाला दिवसभरात साधारण एक ते दोन लिटर लघवी होते आणि मूत्राशयात तीनशे ते पाचशे मिलिलिटर लघवी सहज मावते. तरुणपणी रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते. ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते, त्यामुळे रात्रीची लघवी थोडी आणि दाट होते आणि माणूस सात-आठ तास न उठता झोपू शकतो. वय वाढते तशी या संप्रेरकाची रात्रीची वाढ मंदावते, लघवी दाट करण्याची मूत्रपिंडांची ताकद कमी होते आणि झोपही हलकी होते. इतपत वयाचा वाटा आहे. परंतु रात्री चार वेळा उठणाऱ्या माणसाच्या बाबतीत वय हे एकमेव कारण क्वचितच असते, आणि वयाच्या नावावर खपून गेलेल्या इतर कारणांपैकी बरीचशी उपचाराने सुधारणारी असतात.

कारणे मुळात चार प्रकारची आहेत. मूत्रपिंडे फक्त रात्री जास्त लघवी तयार करतात. किंवा ती दिवसरात्र जास्त तयार करतात. किंवा लघवी नेहमीइतकीच तयार होते पण मूत्राशय थोड्याशा लघवीलाच भरल्याची सूचना देतो. किंवा मूळ बिघाड झोपेत असतो. एकाच माणसात यातली दोन-तीन कारणे एकत्र असणे हे तर वृद्धांमध्ये नेहमीचेच. रुग्णाच्या तोंडी मात्र या चारही प्रकारांत एकच वाक्य येते, ‘रात्री चार वेळा उठतो.’ नुसत्या या वाक्यावरून कोणताही डॉक्टर, कितीही अनुभवी असला तरी, कोणता प्रकार आहे ते सांगू शकणार नाही. त्यासाठी मोजावे लागते.

मोजणे अगदी साधे आहे, आणि तरीही ते फार थोडे लोक करतात. तीन दिवस, तेही सलगच असले पाहिजेत असे नाही, प्रत्येक वेळी लघवी मापाच्या भांड्यात करायची आणि वेळ व प्रमाण लिहून ठेवायचे. काय प्यायले, किती आणि केव्हा; झोपायला केव्हा गेलो, सकाळी केव्हा उठलो; एखाद्या वेळी घाईची भावना झाली का, थेंब सांडले का, हेही लिहायचे. एका गोष्टीत बहुतेक जण चुकतात, मीही पहिल्या दिवशी चुकले. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी ही रात्रीच्या हिशेबात धरायची असते, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. आणि झोपण्यापूर्वीची शेवटची लघवी मात्र दिवसाच्या हिशेबात जाते. अशी बेरीज केल्यावर चोवीस तासांच्या एकूण लघवीपैकी किती भाग रात्रीचा, ते निघते. पासष्ट वर्षांपुढच्या माणसात हा भाग एकतृतीयांशाहून, म्हणजे ३३ टक्क्यांहून अधिक असेल, तर मूत्रपिंडे रात्री जास्त काम करीत आहेत असे समजतात; तरुण प्रौढांसाठी ही मर्यादा २० टक्क्यांची आहे. आणि चोवीस तासांची एकूण लघवीच शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिलिटरपेक्षा अधिक, म्हणजे साठ किलोच्या माणसात सुमारे २४०० मिलिलिटरच्या पुढे गेली, तर दिवसरात्र जास्त लघवी होत आहे असे म्हणतात आणि मग साखरेपासून पाणी पिण्याच्या सवयीपर्यंत वेगळा शोध घ्यावा लागतो.

माझ्या वहीत पहिल्या दिवशी एकूण १६४० मिलिलिटर लघवी निघाली आणि त्यातली ८८० मिलिलिटर रात्रीची होती. निम्म्याहून अधिक! दर खेपेला दोनशेच्या आसपास लघवी होत होती, म्हणजे मूत्राशय आपले काम नीट करीत होता. तोवर मी मूत्राशयाला शांत करणाऱ्या गोळ्यांचा आग्रह धरून बसले होते. एखाद्या दुसऱ्या माणसाच्या वहीत रात्रीच्या खेपा माझ्याइतक्याच असतील, पण दर खेपेला सत्तर-ऐंशी मिलिलिटरच लघवी होत असेल, आणि दिवसाही तीच तऱ्हा असेल, तर त्याचा रोख मूत्राशयाकडे किंवा प्रोस्टेटकडे जाईल. तक्रार तीच, खेपा तेवढ्याच, आणि उपचार मात्र परस्परांहून अगदी निराळे. ज्या गोळीने त्याला आराम पडेल ती मला निरुपयोगी, कदाचित अपायकारकही ठरली असती.

मग रात्री एवढी लघवी येते कोठून? डॉक्टरांनी माझ्या घोट्याजवळ अंगठा दाबून धरला आणि उचलल्यावर तेथे खळगा तसाच राहिला. दिवसभर उभे राहिल्याने किंवा पाय खाली सोडून बसल्याने शरीरातले पाणी गुरुत्वाकर्षणाने पायांत साचते. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो किंवा मोज्याची खूण खोल उमटते ती त्यामुळे. आपण आडवे झालो की हे पाणी पुन्हा रक्तात येते, मूत्रपिंडांकडे जाते आणि रात्रीच्या पहिल्या काही तासांत लघवी होऊन बाहेर पडते. म्हणजे रात्रीची लघवी ही पुष्कळदा दिवसा पायांत साठवलेले पाणीच असते. झोपण्यापूर्वी पाणी बंद करूनही खेपा का कमी होत नाहीत, याचे उत्तर मला तेथे मिळाले. यावरचा उपायही त्याच तर्काने येतो. दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी तास-दीड तास पाय उशांवर उंच ठेवून पडून राहावे, म्हणजे ते पाणी झोपण्याआधीच निघून जाते. दिवसा चालावे, पोटऱ्या हलत्या ठेवाव्यात. डॉक्टरांनी सांगितल्यास दाब देणारे लांब मोजे वापरावेत. पायांतल्या धमन्यांचा आजार असणाऱ्यांनी मात्र असे मोजे विचारल्याशिवाय घालू नयेत.

सूज का येते, हेही पाहावे लागते. शिरांतल्या झडपा निकामी झाल्या असतील, हृदयाची ताकद कमी झाली असेल, मूत्रपिंडांचा किंवा यकृताचा आजार असेल, किंवा एखाद्या औषधानेच ती आली असेल. माझ्या बाबतीत रक्तदाबासाठी चालू असलेल्या अ‍ॅम्लोडिपिनचा त्यात हात निघाला. या गटातील औषधांनी घोट्यांना सूज येणे हा ज्ञात परिणाम आहे. डॉक्टरांनी ते बदलून दिले. येथे मी कळकळीने सांगते की हे वाचून कोणी आपली रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नये. अनियंत्रित रक्तदाबाचा धोका रात्री उठण्याच्या त्रासाहून फार मोठा आहे, आणि औषध बदलायचे की नाही हे ठरवणे डॉक्टरांचेच काम आहे. आपले काम एवढेच की चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, ती घेण्याच्या वेळांसह, त्यांच्यापुढे ठेवावी.

वेळ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. माझी आई लघवी वाढवणारी गोळी रात्रीच्या जेवणानंतर घेत असे, कारण दिवसा बाहेर जाताना पंचाईत नको. आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही. अशी गोळी सकाळी घेतली तर तिचा जोर दिवसाच ओसरतो. आणि रात्री जास्त लघवी होणाऱ्या काही रुग्णांना तर डॉक्टर ती मुद्दाम दुपारी, झोपेच्या सुमारे सहा तास आधी देतात, म्हणजे साचलेले पाणी झोपेपूर्वीच बाहेर पडते. तीच गोळी, पण वेळ चुकली तर रोगाचे कारण होते आणि वेळ साधली तर उपचार. मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि साखरेबरोबर पाणीही जाते, म्हणून त्यांची वेळही विचारून घ्यावी. मनोविकारावरील लिथियमने लघवी वाढू शकते, आणि काही वेदनाशामकांनी, तसेच प्रिगॅबॅलिनसारख्या औषधांनी अंगात पाणी साठू शकते.

मिठाचा संबंध मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे. जास्त मीठ खाल्ले की शरीर पाणी धरून ठेवते आणि दिवसा न संपलेले मीठ मूत्रपिंडे रात्री पाण्यासह बाहेर टाकतात. जपानमधील नागासाकी येथील संशोधकांनी २०१७ मध्ये लंडनच्या युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत एक अभ्यास मांडला होता. त्यात जास्त मीठ खाणाऱ्या आणि झोपेची तक्रार असलेल्या लोकांना मीठ कमी करण्याचे मार्गदर्शन केले गेले. ज्यांचे रोजचे मीठ सरासरी १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आले, त्यांच्या रात्रीच्या खेपा सरासरी २.३ वरून १.४ वर आल्या, आणि ज्यांचे मीठ उलट वाढले त्यांच्या खेपाही वाढल्या. एका अभ्यासाने सगळे सिद्ध होत नाही हे मी जाणते. तरीही जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खाण्याचा सल्ला रक्तदाबासाठी देतेच, तेव्हा हा उपाय करून पाहण्यात गमावण्यासारखे काही नाही. जेवणात वरून घेतलेले मीठ दिसते तरी. खारवलेल्या, डबाबंद आणि तयार पाकिटांतल्या पदार्थांतले मीठ दिसतही नाही.

घोरणे आणि लघवी यांचा संबंध ऐकून तर मी प्रथम विश्वासच ठेवला नव्हता. झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याच्या विकाराला ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात. श्वासमार्ग मिटलेला असताना छाती हवा ओढण्यासाठी जोर लावते, त्या ओढीने छातीतला दाब घटतो, हृदयाकडे जास्त रक्त येते आणि हृदयाच्या वरच्या कप्प्याची भिंत ताणली जाते. हृदयाला वाटते की शरीरात पाणी जास्त झाले. ते एक संप्रेरक सोडते, आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी बाहेर टाकू लागतात. वर श्वास अडकला की झोपही चाळवते, म्हणून भरलेला मूत्राशय जाणवतो. ज्या माणसाचे घोरणे मोठे आहे, मध्येच थांबून दचकून पुन्हा सुरू होते, सकाळी डोके जड असते आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागते, त्याने रात्रीच्या लघवीसाठी आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र लावल्यावर अशा अनेकांच्या खेपा कमी होतात. हे घरातल्या दुसऱ्या माणसाने सांगितल्याशिवाय कळत नाही, कारण आपले घोरणे आपल्याला ऐकू येत नाही.

मधुमेहाविषयी बहुतेकांना माहिती आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की ती लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते. तहान आणि लघवी दोन्ही दिवसरात्र वाढतात. हृदयाच्या आजारात आडवे झाल्यावर धाप लागणे आणि रात्री वारंवार लघवी होणे ही लक्षणे जोडीने येतात. मूत्रपिंडांच्या दीर्घ आजारात लघवी दाट करण्याची ताकद लवकर जाते, त्यामुळे रात्री उठावे लागणे हे कधी कधी त्या आजाराचे पहिले, दुर्लक्षित लक्षण असते. रक्तातील कॅल्शियम वाढल्यानेही लघवी वाढते. म्हणून लघवीची साधी तपासणी, रक्तातली साखर, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, सोडियम आणि कॅल्शियम एवढे तरी एकदा पाहिले जावे.

आता मूत्राशय आणि प्रोस्टेट. पुरुषांत वयाबरोबर वाढणारी प्रोस्टेट ग्रंथी मूत्रमार्गावर दाब आणते, धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो आणि लघवी पूर्ण होत नाही. थोडी आत राहिली की मूत्राशय पुन्हा लवकर भरतो. टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी मार्गातले स्नायू सैल पडतात, तर फिनास्टेराइडसारख्या गोळ्या ग्रंथी हळूहळू लहान करतात आणि त्यांचा गुण यायला सहा महिनेही लागू शकतात. हे उपचार चांगले आहेत, पण त्यांच्याकडून काय अपेक्षा करावी हे रुग्णाला कोणीतरी सांगायला हवे. शस्त्रक्रियेनंतर धार सुधारते, अडथळा जातो. मात्र रात्रीच्या खेपा ही त्यातली सर्वांत चिवट तक्रार असते, आणि ज्याची मूत्रपिंडेच रात्री जास्त लघवी तयार करीत आहेत, त्याला शस्त्रक्रिया करूनही उठावेच लागते. अशा माणसाला पुढे ‘ऑपरेशन फसले’ असे वाटते. ते फसलेले नसते. ते त्या कारणासाठी नव्हतेच. वृत्तपत्रांतून प्रोस्टेटवरच्या रामबाण औषधांच्या ज्या जाहिराती दिसतात, त्यांत या फरकाचा उल्लेखही नसतो, हे मला गंभीर वाटते.

स्त्रियांची स्थिती वेगळी, आणि माझ्या मते अधिक दुर्लक्षित आहे. ‘रात्रीची लघवी म्हणजे प्रोस्टेट’ असे समीकरण इतके रुजले आहे की ज्यांना प्रोस्टेटच नाही त्यांची तक्रार कोठे बसवावी हे कळत नाही, आणि संकोचाने त्या बोलतही नाहीत. गरोदरपणात खेपा वाढतात आणि बाळंतपणानंतर बहुधा कमी होतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने मूत्रमार्गाचे आणि योनीमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते, जळजळ आणि वारंवार संसर्ग होतो. योनीमार्गात लावण्याच्या इस्ट्रोजेनच्या मलमाने पुष्कळ जणींना आराम पडतो. गर्भाशय किंवा मूत्राशय खाली उतरला असेल तर मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही. आणि अतिक्रियाशील मूत्राशय, म्हणजे अचानक अनावर घाई होणे, हा विकार स्त्रियांत आणि पुरुषांत दोघांतही असतो. त्यासाठी औषधांआधी मूत्राशयाला वळण लावण्याचा व्यायाम सांगतात: घाई झाली की धावत न सुटता ओटीपोटाच्या तळाचे स्नायू काही वेळा झटकन आवळायचे, लाट ओसरू द्यायची आणि मग चालत जायचे. हे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये मांडले, आणि त्यांच्याच नावाने ते आज ओळखले जातात. एक-दोन आठवड्यांत गुण येत नाही म्हणून ते सोडू नयेत. दोन-तीन महिने नेमाने करावे लागतात. बद्धकोष्ठ असेल तर भरलेले मोठे आतडे मूत्राशयावर दाब आणते, म्हणून तेही बरे करावे.

मूत्राशयाची आकुंचने शांत करणाऱ्या ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि बद्धकोष्ठ होतो. तोंड कोरडे पडले म्हणून माणूस रात्री पाणी पितो आणि पुन्हा उठतो. वृद्धांमध्ये, विशेषतः आधीच विस्मरण असणाऱ्यांत, या गटातील काही औषधांनी गोंधळलेपणा वाढू शकतो. मिराबेग्रॉन हे वेगळ्या पद्धतीने काम करणारे औषध आहे. त्यात तोंडाचा कोरडेपणा कमी, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.

रात्रीच्या जास्त लघवीवर थेट काम करणारे औषध म्हणजे डेस्मोप्रेसिन, व्हॅसोप्रेसिनचीच कृत्रिम आवृत्ती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्याच्या नाकात मारण्याच्या फवाऱ्याला रात्री जास्त लघवी होणाऱ्या प्रौढांसाठी मान्यता दिली, आणि त्याबरोबरच वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. इशारा सोडियमचा होता. हे औषध पाणी धरून ठेवते. त्यावर माणूस पाणी पीत राहिला तर रक्तातले सोडियम, जे दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोलच्या दरम्यान असायला हवे, ते घसरते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा आणि टोकाला गेल्यास झटके येऊ शकतात. हा धोका वृद्धांना आणि स्त्रियांना अधिक, म्हणून स्त्रियांची मात्रा पुरुषांहून कमी ठेवतात, औषध सुरू केल्यावर आठवड्याभरात आणि महिन्याने सोडियम तपासतात, आणि हृदय निकामी होण्याचा विकार असणाऱ्यांना, मूत्रपिंडे कमकुवत असणाऱ्यांना किंवा लघवी वाढवणाऱ्या जोरदार गोळ्या घेणाऱ्यांना ते देत नाहीत. योग्य माणसाला, योग्य देखरेखीखाली, ते फार उपयोगी आहे. शेजाऱ्याला गुण आला म्हणून आणून घेण्याचे मात्र ते मुळीच नव्हे.

पाण्याविषयी दोन टोके मी पाहिली आहेत. आरोग्यासाठी म्हणून रोज चार लिटर पाणी पिणारे, आणि उठावे लागू नये म्हणून दुपारपासूनच पाणी बंद करणारे. दोघेही स्वतःवर अन्याय करतात. दिवसाचे पाणी सकाळ-दुपारच्या वाट्याला जास्त द्यावे आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास ते कमी करावे. चहा, कॉफी संध्याकाळनंतर टाळावी, मद्यही टाळावे, कारण त्यांनी लघवीही वाढते आणि झोपही मोडते. संपूर्ण पाणी तोडल्याने वृद्धांना शुष्कता आणि बद्धकोष्ठ होतो, चक्कर येते, आणि दाट लघवी मूत्राशयाला टोचते ती वेगळीच.

कारण सापडून उपचार लागू पडेपर्यंत पडण्याची भीती तर आजच्या रात्रीही आहेच, म्हणून त्याबद्दल लिहिते. पलंगापासून शौचालयापर्यंत मंद दिवा रात्रभर असावा, वाटेत सैल पायपुसणे किंवा वायर नसावी, चष्मा आणि काठी हाताशी असावी. झोपेतून एकदम उभे न राहता मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसावे. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताच रक्तदाब उतरतो. लघवी करताना किंवा झाल्यावर लगेच काहींना भोवळ येते, त्यामुळे पुरुषांनीही रात्री बसूनच लघवी करावी. ज्यांचा तोल जातो त्यांनी पलंगाशेजारी भांडे ठेवण्यात कमीपणा मानू नये. माझ्या आईने मानला होता, आणि आम्हीही तिला आग्रह केला नाही.

काही लक्षणांत मात्र वही लिहीत बसण्याची सवड घेऊ नये. लघवीत रक्त, ताप आणि थंडी, कमरेच्या वर एका बाजूला तीव्र दुखणे, लघवी अचानक पूर्ण अडणे, पायांतली शक्ती जाणे किंवा मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा येणे, झोपल्यावर धाप लागून उठून बसावे लागणे, तहान वाढून वजन झपाट्याने उतरणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

माझ्यापुरते सांगायचे तर मीठ कमी केले, संध्याकाळी पाय उंच ठेवू लागले, एक गोळी बदलली आणि दुसरीची वेळ बदलली. दोन महिन्यांनी पुन्हा तीन दिवस मोजले. रात्रीच्या खेपा चारवरून एकवर, कधी दोनवर आल्या आहेत. पण त्याहून मोलाचे हे की झोप लागल्यापासून पहिली जाग आता चार तासांनी येते. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या तृतीयांशातच असतो, त्यामुळे ही पहिली झोप अखंड मिळाली तर पुढे एकदा उठूनही सकाळी माणूस ताजा असतो. उपचाराचे यश म्हणूनच नुसत्या खेपांत न मोजता या पहिल्या अखंड झोपेच्या तासांतही मोजावे, असे मला वाटते.

आपणांस एक विनंती आहे. आपल्या आरोग्यविषयक पानावर एकदा, कापून घेता येईल असा तीन दिवसांच्या नोंदीचा कोरा तक्ता छापावा. त्यात वेळ, काय व किती प्यायले, लघवी किती मिलिलिटर, घाई झाली का, झोपण्याची व उठण्याची वेळ एवढे रकाने पुरेत. खाली सकाळची पहिली लघवी रात्रीत धरावी ही सूचना आणि चालू औषधे वेळेसह लिहायला चार ओळी असाव्यात. अक्षरे मोठी ठेवावीत, कारण तो भरणारे बहुतेक जण चष्मा लावणारे असतील, आणि रात्रीच्या नोंदी ते मंद दिव्यात करणार आहेत.

आपली,
एक नियमित वाचक